एका बॅटरीचा जमाखर्च

बॅटरी उतरते म्हणजे नेमके काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. गाडी चालू होईना की 'बॅटरी गेली' म्हणायचे आणि नवी घालून यायचे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तरी हा प्रकार खटकायला हवा. तिजोरीत पैसा टिकत नाही म्हणून कोणी नवी तिजोरी विकत घेतो काय? आधी वह्या काढून बसावे लागते. जमा कमी पडते आहे, की खर्च कुठून तरी चोरून होतो आहे, की तिजोरीलाच भोक आहे? बॅटरीच्या बाबतीतही प्रश्न हे तीनच.

आमच्या घरी हा प्रश्न तात्त्विक नव्हता. बाबा पहाटे पाचला दुधाचे दोन कॅन बांधून बेळगावला निघतात. गाडी सेकंडहँड, किक नसलेली, सेल्फवर चालणारी. अडीच वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या आणि दुसरीही सकाळी नुसते 'टक् टक्' करू लागली. भरल्या कॅनसकट गाडी ढकलायची म्हणजे काय, हे ढकलणाऱ्यालाच ठाऊक. दूध उशिरा पोचले की हॉटेलवाला थांबत नाही, पाकीट फोडून मोकळा होतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते : तिसरी बॅटरी घाला. बाबा म्हणाले, "वर्षाला एक बॅटरी घालायची तर म्हशीला पेंड कशातनं आणायची रे?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कानडी मेस्त्री आहेत. त्यांनी गाडीला हातही न लावता आधी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "एल्लो सोराकत्तैती." कुठेतरी गळते आहे. आमच्या मराठी शाळेतल्या 'गळती' या शब्दापेक्षा हे 'सोराकत्तैती' मला जास्त ओले वाटते. त्यांनी आपले मल्टीमीटर दोन दिवसांसाठी दिले आणि कसे लावायचे तेही दाखवले.

पहिली तपासणी तिजोरीची. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येक घर दोन व्होल्टच्या थोडे वर. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. बारावर आली की जवळजवळ रिकामी समजावी. आमची मेस्त्रींकडे रात्रभर चार्ज केली, तारा न जोडता एक रात्र तशीच फळीवर ठेवली. सकाळी १२.७. म्हणजे भोक तिजोरीला नव्हते. दुसऱ्या रात्री तीच बॅटरी गाडीला जोडून ठेवली, चावी बंद. सकाळी १२.५. या एका रात्रीतच निम्मा निकाल लागला होता. (त्या दोन दिवसांत दूध काकांच्या गाडीवरून गेले. त्याबद्दल काकूने काय ऐकवले ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.)

मग जमेची बाजू. इंजिन चालू करून थोडी रेस दिली, बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरले : १४.२. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा असला म्हणजे गाडी बॅटरीला नीट भरते आहे. तो साडेबाराच्या आसपासच रेंगाळला तर दोष वीज तयार करणाऱ्या कॉइलमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरीला उकळून मारतो आहे. आमची जमा चोख होती.

उरला खर्च. बॅटरीची ऋण तार सोडवून तार आणि टोक यांच्या मध्ये मीटर लावायचे, आधी दहा अँपिअरच्या खाचेवर. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही, मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. चावी बंद असताना दोन-चार मिलिअँपिअर जाणे क्षम्य. आमच्या गाडीत ११० जात होते! मुख्य फ्यूज काढला. आकडा जागचा हलेना. मला खरा आनंद झाला तो इथे. फ्यूज काढूनही खर्च चालू, म्हणजे खर्च करणारा फ्यूजच्या अलीकडेच, थेट बॅटरीला चिकटलेला असला पाहिजे. पाहिले तर धन टोकाच्या स्क्रूखाली एक बारीक तांबडी तार. ती मडगार्डच्या वरून सीटखाली गेलेली, आणि तिथे चिकटपट्टीत गुंडाळलेली काडेपेटीएवढी काळी पेटी. हाताला कोमट लागत होती.

गाडीच्या आधीच्या मालकाने बसवलेला तो चोरभोंगा होता. रिमोट हरवलेला, भोंग्याची तार केव्हाच कापलेली, आत एक रिले मात्र अडकून अहोरात्र वीज पीत होता. ओरडता न येणारा राखणदार, आणि पगार रोजचा! ०.११ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला २.६४ अँपिअर-तास. आमची बॅटरी नऊची. गाडी नुसती उभी राहिली तरी साडेतीन दिवसांच्या आत दिवाळे. बाबांची फेरी अर्ध्या-पाऊण तासाची, दर उंबऱ्याशी थांबून पुन्हा सेल्फ. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या नियमामुळे नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच. एवढ्या फेरीत रोजची तूट भरून निघणार कशी?

शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी तयार केली, पण तिचा स्वभाव आजही तोच आहे. उतरताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते, भरताना ते परत विरघळते. अर्धपोटी ठेवली तर तेच सल्फेट खड्यासारखे घट्ट होते आणि मग विरघळत नाही. पहिली बॅटरी अशीच मेली असणार. आम्ही ती मोडीत देऊन बसलो होतो.

तार सोडवली, आकडा दोनवर आला. सध्याच्या बॅटरीचेही थोडे सल्फेट घट्ट झालेच आहे. पूर्ण भरूनही सेल्फ मारताना ती दहाच्या खाली उतरते. मेस्त्री म्हणतात दिवाळीपर्यंत ओढेल. तेव्हा दुकानदाराची तिसरी बॅटरी खपणार आहेच. बाबांनी पेंडीच्या पैशातून तिच्यासाठी आतापासून थोडे बाजूला काढायला सुरुवात केली आहे, आणि ती काळी पेटी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली आहे. दुकानदाराला दाखवायला, म्हणतात.