अभिमान कशाचा?

मार्च महिना उजाडला की आम्ही इतिहासाच्या तासाला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवतो. शिकवताना आवाज आपोआप चढतो. ‘हा आपला इतिहास आहे, त्याचा अभिमान बाळगा,’ असे आम्ही कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. परंतु अभिमान कशाला म्हणावे, हे आम्हांला वसतिगृहातील पाण्याच्या माठाने शिकवले.

त्या वर्षी पालावरचा एक पारधी मुलगा वसतिगृहात दाखल झाला होता. एका दुपारी तो माठाजवळ गेला, तेव्हा दोन मुलांनी त्याला अडवले. ‘तू ओंजळ धर, आम्ही वरून ओततो,’ असे ती म्हणाली. याच मुलांनी आठवड्यापूर्वी महाडवर भाषणे करून बक्षिसे मिळवली होती! आम्ही जागीच थिजलो. आमच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर अशीच ओंजळ धरून उभे राहावे लागत असे.

मुलांना रागे भरणे सोपे होते. परंतु चूक आमचीही होती. आम्ही त्यांना महाडचा विजय शिकवला होता. महाडचा अर्थ शिकवायचा राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोच पाठ पुन्हा घेतला. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. तरी पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही अस्पृश्येतर मंडळीही या लढ्यात सोबत होती. कारण प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. माणूस म्हणून समान असण्याचा होता. मग आम्ही विचारले, ‘काल आपल्या माठापाशी बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले असते?’ वर्गात कोणी बोलले नाही. सायंकाळी त्या दोघांपैकी एकाने माठ घासून भरला आणि पहिला पेला त्या मुलाच्या हातात दिला. दुसऱ्याला आणखी काही दिवस लागले.

भगवान बुद्धांनी ‘मान’ हे चित्ताचे बंधन मानले आहे. मी श्रेष्ठ, हा जसा मान. तसाच मी हीन, हाही मानच. आमच्या पूर्वजांवर हीनत्व लादले गेले. ते झटकताना आम्ही श्रेष्ठत्व पांघरले, तर बंधन तेवढे बदलले, सुटले नाही. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण आमच्या अभिमानालाही लागू आहे.

पूर्वजांच्या धैर्याचा अभिमान अवश्य असावा. परंतु ती मिरवण्याची मिळकत नसून फेडण्याचे ऋण आहे. या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो: आपल्या माठावर कोणाला ओंजळ धरावी लागत नाही, याची खात्री झाली की मग महाडचा अभिमान खुशाल सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!