यंदा आम्हीं काय ऐकलें

मागील सालच्या नाताळाच्या कार्यक्रमाची तालीम चालू असतां नववींतील एक मुलगा आमच्याजवळ आला व म्हणाला, "सर, मीं मोबाईलवर ताल तयार केला आहे. तो लावून गीत म्हटलें तर चालेल का?" आम्हीं पेटीवरचा हात न उचलतांच उत्तर दिलें, "यंत्राच्या खडखडाटास आम्ही संगीत म्हणत नसतों." मुलगा कांहीं बोलला नाहीं, जागेवर जाऊन बसला. जानेवारीपासून तो गायनाच्या तालमीस येईनासा झाला. आमच्या गायकवृंदांत त्याचा आवाज सर्वांत मोकळा होता, हें त्याच्या गैरहजेरींत आम्हांस अधिकच जाणवूं लागलें.

वाचकहो, विद्यार्थ्यापुढें चूक कबूल करणें शिक्षकास जड जातें. म्हणून आम्हीं प्रथम वाद जिंकण्याचा मार्ग धरिला. मार्च महिन्यांत त्यास बोलावून म्हटलें, "तुला आवडणाऱ्या संगीताची यादी दे. ऐकून मग बोलूं." दुसऱ्या दिवशीं त्यानें वहीचें एक पान फाडून आणून दिलें. पुढें परीक्षा संपल्या, वर्धेचा उन्हाळा सुरू झाला. रात्रीं गच्चीवरसुद्धां झोप येण्याची मारामार. तेव्हां कन्येचे ईअरफोन कानांस लावून आम्हीं त्या पानावरील एकेक नांव ऐकावयास घेतलें.

निम्मीं नांवें आम्हांस मानवलीं नाहींत, हें आधींच सांगून टाकतों. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी ह्या वाद्यवृंदाचा २०२४ सालचा 'बीटा' हा संग्रह मुलें फार वाखाणतात. गायकाचा स्वर जुन्या सिनेमांतल्यासारखा मऊ आहे खरा. पण ऐकतां ऐकतां आम्हांस डुलकी लागली. दोष त्यांचा कीं पहांटेच्या वाऱ्याचा, देव जाणे.

पानाच्या मध्यावर मात्र 'चरणजित सिंग, १९८२' असें लिहिलें होतें, तेथें आमची झोप उडाली. हे गृहस्थ मुंबईंत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत असत. त्यांनीं जपानच्या रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें एकत्र आणिलीं: एक सूर वाजविणारें, एक ताल धरणारें, आणि तिसरी टीबी-३०३ नांवाची लहानशी रुपेरी पेटी. ही पेटी खर्जाच्या गिटारीची नक्कल करण्याकरितां बनविलेली होती. ह्या तिघांच्या साहाय्यानें त्यांनीं भैरवी, ललित, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढिली. तिच्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं त्याच रुपेरी पेटींतून 'ॲसिड हाउस' नांवाचें नृत्यसंगीत निघालें व जगभर गाजलें. आपली तबकडी मात्र २००२ सालीं एका डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानांत सांपडली, आणि २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली. तेव्हां कोठें लोकांस कळलें कीं, शिकागोच्या पांच वर्षें आधीं हा नाद मुंबईंत निघून गेला होता. सिंग ह्यांनीं उतारवयांत युरोपांत जाऊन तेच राग पुन्हां वाजविले. २०१५ सालीं ते मुंबईस वारले.

भूप हा राग आम्ही गेलीं वीस वर्षें मुलांस पेटीवर शिकवीत आलों आहों. तोच त्या यंत्रांतून ऐकतांना आम्ही एकदम उठून बसलों. टीबी-३०३ मध्यें एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे. मग ही मींडच नव्हे काय! आणि आमच्या पेटीस मींड येत नाहीं. पट्टी दाबली कीं सूर, सोडली कीं शांत; मधली वाट तिला ठाऊकच नाहीं. ज्या यंत्रास आम्हीं खडखडाट म्हटलें त्यास जें साधतें, तें आमच्या हाताखालच्या यंत्रास साधत नव्हतें.

कारण पेटी तरी यंत्रच कीं! १८४० च्या सुमारास ती फ्रान्समध्यें जन्मली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनीं तिला हातानें भाता हलविण्याजोगें सुटसुटीत रूप दिलें, आणि मग ती देवळांत, तमाशांत व आपल्या उपासनेंत सारखीच रुळली. तरीही मींड नाहीं व श्रुति लागत नाहींत, ह्या आरोपांवरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांत उभें केलें नव्हतें. ही हकीकत आम्हांस ठाऊक होती. वर्गांत आम्हीं ती रागानें सांगितलीही आहे. त्या मुलास उत्तर देतांना ती आठवली नाहीं.

पानावर दुसरें एक नांव गोव्याच्या रेमो फर्नांडिस ह्यांचें होतें. शिवोली गांवच्या आपल्या घरीं त्यांनीं १९८४ सालीं 'गोअन क्रेझी' हा संग्रह स्वतःच ध्वनिमुद्रित केला. वाद्यें आपणच वाजविलीं, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून स्वतः दुकानोदुकानीं पोंचविल्या. मुलें ज्यास 'इंडी' म्हणतात तें हेंच. मोठ्या कंपनीच्या आधारावांचून केलेलें स्वतंत्र संगीत. आम्हां वर्धेकरांस ही रीत अगदींच अपरिचित नाहीं. सेवाग्राम अजून शेगांव म्हणविलें जात होतें तेव्हां, १९३६ सालीं, तुकडोजी महाराज गांधीजींकडे राहून गेले. एक खंजिरी व स्वतःचा गळा, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं विदर्भांतील गांवेंच्या गांवें जागविलीं.

अहमदाबादेच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालीं मोग सिंथेसायझर बसविला गेला व गीता साराभाई आदि मंडळींनीं त्यावर प्रयोग केले. त्या जुन्या फितींचा संग्रह २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. इतिहास मोठा मनोरंजक. ऐकणें मात्र आमच्यानें दहा मिनिटांपलीकडे झालें नाहीं.

शेवटचें नांव वाचून आम्ही हंसलों: 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स व श्रेयस ह्यांचें हें मराठी गीत २०२४ सालीं हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्स ह्या कंपनीनें काढिलें. प्रथम तो निव्वळ पोरखेळ वाटला. परंतु दिवाळीच्या सुटींत कापसाच्या वेचणीस गेलेल्या आमच्या मुली उन्हानें रापून शाळेंत परत आल्या, तेव्हां मधल्या सुटींत एकमेकींचे हात शेजारीं धरून तेंच गाणें म्हणत होत्या. पूर्वीं ह्याच दिवसांत त्या बाह्या खालीं ओढून बसत. त्यानंतर आम्ही त्या गाण्यास हंसलों नाहीं.

नोव्हेंबरांत त्या मुलास पुन्हां बोलावून म्हटलें, "आमची चूक झाली. तुझा ताल घेऊन तालमीस ये." तो म्हणाला, "आतां नको, सर. दहावीचा अभ्यास आहे." दोन शनिवार आम्हीं वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारीं तो आला. पाठीमागें खंजिरी घेतलेला त्याचा एक मित्र. रेव्ह. टिळकांचा एक अभंग घ्यावा असें ठरलें. ह्याच टिळकांनीं, विलायती चालींची संवय झालेल्या मंडळ्यांत, देशी चालींस मानाची जागा मिळवून दिली होती.

त्यानें मोबाईलवर तंबोऱ्यासारखा एक सूर धरिला, त्याखालीं संथ ठेका. आम्हीं पेटी उघडली आणि पहिल्याच ओळीस सर्वांनीं कान टवकारले. कांहींतरी खटकत होतें. आमची पेटी जुनी. तिचा सूर किंचित चढा आहे. आम्ही म्हणालों, "पेटीचा सूर कांहीं उतरावयाचा नाहीं. मग पेटी बाजूस ठेवूं काय?"

"थांबा, सर," असें म्हणून त्यानें कान पेटीजवळ आणिला. "काळी दोन दाबून ठेवा." आम्हीं दाबून ठेविली व भाता हलवीत राहिलों. तो काचेवरून बोट अगदीं सावकाश सरकवीत होता, आणि त्याच्या यंत्राचा सूर केसाकेसानें वर चढत आमच्या सुराशीं येत होता.

"आतां म्हणा," तो म्हणाला.