मांजराच्या केसांचा पाऊस

कोस्टा रिकातल्या मोन्तेवेर्देचा एक पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. कॅरिबियन समुद्रावरून निघालेले व्यापारी वारे तिलारान डोंगररांगेला धडकतात, वर चढता चढता गार होतात आणि दीड हजार मीटरच्या आसपास ढग होऊन सरळ झाडांत शिरतात. या भुरभुरीला तिथले लोक ‘पेलो दे गातो’ म्हणतात, म्हणजे मांजराचे केस. नवख्या प्रवाशाला हसू येतं. तासाभराने त्याची नजर स्वेटरच्या बाहीकडे जाते, तर तिच्यावर खरोखरच पांढुरकी लव धरलेली असते.

या रानात झाडाची साल शोधावी लागते. आधी शेवाळ, त्यावर नेचे, त्यांच्या आडोशाला ऑर्किड. एकेक फांदी म्हणजे अधांतरी वाफाच. हा सगळा पसारा ढग गाळून घेतो, त्यामुळे पाऊस नसलेल्या महिन्यांतही पानांच्या टोकांवरून टपटप चालूच राहते. गाइड भिंग पुढे करतो. शेवाळातला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा पिवळसर ठिपका हे ऑर्किडचं फूल आहे, हे त्याने सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

फांद्यांवरच्या या बागेचा अभ्यास करणाऱ्यांत एक नाव वाचून मराठी माणूस थबकतो: नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून गेलेले, लेक अमेरिकेत वाढलेली. गिर्यारोहकांसारखी दोरावरून ती उंच झाडांच्या माथ्यावर चढली. तिथे कुजलेल्या पानांची आणि शेवाळाची माती साठलेली असते, आणि काही झाडं त्या मातीत फांद्यांमधूनच स्वतःची मुळं सोडतात, हे तिने १९८१ मध्ये दाखवून दिलं. वडाच्या पारंब्या जमीन शोधत खाली येतात. या झाडांना जमीन वरच सापडली!

रान टिकलं, त्यामागची हकिगत मात्र काहीशी तिरपागडी आहे. युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या चार तरुणांनी अमेरिकेत सैन्यभरतीला नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये लष्करच मोडीत काढलं होतं. मग अलाबामातली काही क्वेकर कुटुंबं १९५१ मध्ये इथे आली, गाई पाळू लागली, चीज करू लागली. कुरणांसाठी त्यांनी झाडं तोडलीच, पण ओढ्यांच्या उगमाकडचं सुमारे साडेपाचशे हेक्टर रान राखून ठेवलं. पाणी तिथूनच येतं, एवढा साधा शेतकरी हिशेब त्यात होता. तुरुंगात गेलेल्या चौघांपैकी विल्फर्ड ग्विन्डन याने तर इथे लाकूड कापायच्या यांत्रिक करवती विकल्या होत्या. पुढे जॉर्ज पॉवेल या जीवशास्त्रज्ञाच्या जोडीने त्यानेच १९७२ मध्ये अभयारण्य उभं केलं आणि त्याच्या पायवाटा पाडल्या.

इतकं राखूनही एक जीव निसटला. एप्रिलच्या सुमारास मुळांमधल्या डबक्यांपाशी झळाळत्या नारिंगी रंगाचे भेक जमत. या डोंगरमाथ्याबाहेर ते जगात कुठेच नव्हते. १९८७ मध्ये मार्था क्रंप यांनी दीड हजारांहून अधिक मोजले. १९८९ मध्ये दिसला एक. त्यानंतर एकही नाही. कुणी एका जीवघेण्या बुरशीकडे बोट दाखवतं, कुणी बदललेल्या हवेकडे. अॅलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की धुक्याविना जाणारे दिवस वाढताहेत, ढगांचा तळ वर सरकतो आहे. खालच्या टेकड्यांवरचा रंगीत चोचीचा टुकान आता क्वेत्झालच्या शेजारी घरटं करू लागला, हीदेखील त्यांचीच नोंद. हिरव्या शेपटीच्या क्वेत्झालला असा शेजार परवडणारा नाही. टुकान अंडी पळवतो.

पायवाट ‘ला व्हेंताना’ म्हणजे खिडकी नावाच्या सज्जावर संपते. इथून एका अंगाचं पाणी कॅरिबियनला मिळतं, दुसऱ्याचं पॅसिफिकला. बहुतेक दिवशी दिसतं ते नुसतं पांढरं. डोळ्यांत वारा, नाकाच्या शेंड्यावर थेंब. दूरवरून आलेले लोक हिरमुसतात. एखाद्या दिवशी मात्र आभाळ लख्ख उघडतं, दोन्हीकडचे उतार निळेशार होत खाली उतरत जातात आणि कॅमेऱ्यांची झुंबड उडते. गाइड मागे उभा असतो. तो कठड्यावरच्या शेवाळाला बोट लावून पाहतो. ते कोरडं आहे.