सासूबाईंच्या डब्यातली गोळी

१२ जानेवारीला माझी चौदा वर्षांची लेक जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाला गेली होती. रात्री दुसरबीडला परतली आणि उलट्या सुरू झाल्या. मी सासूबाईंचा औषधांचा डबा उघडला.

सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. शुगरने जठराच्या नसा दुबळ्या झाल्या की अन्न पुढे सरकत नाही. दोन घासांतच त्यांचं पोट गच्च व्हायचं, मळमळायचं. त्यासाठी डॉक्टरांनी पाच दिवस मेटोक्लोप्रमाइडची १० मिलिग्रॅमची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली होती. त्यांना चांगला आराम पडला, म्हणून उरलेल्या गोळ्या मी जपून ठेवल्या होत्या. ही ‘उलटीची गोळी’, एवढंच मला ठाऊक. रात्री एक दिली, पहाटे एक, सकाळी पुन्हा उलटी झाली म्हणून लगेच तिसरी, दुपारी चौथी.

संध्याकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात घोगरी हाक आली. लेकीची मान उजव्या खांद्याकडे पिळली होती, जबडा आवळला होता, बुबुळं वर आढ्याकडे लागली होती. शुद्ध पूर्ण होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मान वळवता येत नव्हती.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या. “पोरीला बाहेरचं लागलं गं माय!”

शेजारच्या भाऊजींनी गाडी काढली. डॉक्टर विचारतील म्हणून निघताना रिकामं पाकीट मी पदराच्या गाठीत बांधलं.

मेहकरला डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, “ताई, काय दिलं हिला?” मी गाठ सोडली. त्यांनी नाव वाचलं आणि प्रोमेथाझिनचं इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिलं. मी घड्याळाकडे बघत बसले. दहा-बारा मिनिटांत मान सैल पडली, सरळ झाली. “आई, पाणी दे,” ती म्हणाली, तेव्हा मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. डोपामाइन नावाचं रसायन जठराची हालचाल धीमी करतं आणि मेंदूत उलटीची सूचना पोचवतं. ही गोळी त्याला अडवते. पण स्नायूंची हालचाल ताब्यात ठेवायला मेंदूला तेच डोपामाइन लागतं. ते अडलं की मान-डोळे असे आखडतात, तरुण मुलामुलींमध्ये जास्त. पुढे वाचलं, युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये या औषधाला पाच दिवसांची मर्यादा घातली, मोठ्यांनाही दिवसाला ३० मिलिग्रॅमच. मी चौदा वर्षांच्या पोरीला एका दिवसात ४० दिले होते. उलटीवरचंच दुसरं औषध, डॉम्पेरिडोन, मेंदूत फारसं शिरत नाही, पण ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणजे तेही मनाने घ्यायचं नाही.

लेकीला त्या रात्री हवं होतं ते घरातच होतं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, घोटघोट.

औषध वाईट नव्हतं. त्याच गोळीने सासूबाई पोटभर जेवू लागल्या होत्या. ती कुणाची, किती आणि किती दिवस, हे न विचारता मी ती दिली.

सासूबाईंना वाचता येत नाही. आता रोज रात्री लेक त्यांच्याजवळ डबा घेऊन बसते आणि पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचते. सासूबाई ते नाव परत म्हणतात, आणि मगच गोळी तोंडात टाकतात.