जुन्या नोटांची वाट : नाशिकरोड ते फोर्ट

आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली कधी कधी फडक्यात बांधलेले एक पुडके निघते. सोडून पाहावे तर आत जुन्या नोटा. राजाचे चित्र, पिवळा पडलेला कागद. मग घरात बोलणे सुरू होते. धाकटा म्हणतो, विकून टाकू, लाखो रुपये येतील. म्हातारी म्हणते, वाडवडिलांची ठेव आहे, राहू द्या. विकायचे असो की ठेवायचे, आपल्या हातात काय आहे ते आधी कळले पाहिजे. त्यासाठी दोन दिवसांची एक वाट सांगतो.

निघण्यापूर्वी घरी एक काम करा. वहीत यादी लिहा : नोट किती रुपयांची, साल असेल तर साल, नंबर, कोणाची सही, घडी कुठे, फाटली कुठे, टाचणीचे भोक आहे का. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. यादीवर भावाबहिणींच्या सह्या घ्या, म्हणजे पुढे कुणाच्या मनात किंतू राहणार नाही. मूळ नोटा घरीच ठेवा, यादी आणि फोटो तेवढे बरोबर घ्या.

पहिला मुक्काम नाशिकरोड. कांदा, द्राक्षे घेऊन आपण नाशिकला जातो, पण जेल रोडच्या उंच भिंतींकडे कोण पाहतो? याच गावी सरकारी छापखान्यात १९२८ साली हिंदुस्थानात प्रथम नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडातून छापून येत. आत कुणाला सोडत नाहीत, पण बाहेर उभे राहून मनाशी हिशेब करा. रिझर्व्ह बँक निघाली १९३५ साली, आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, निघाली १९३८ च्या जानेवारीत. तेव्हा पुडक्यातल्या नोटेवर सहावा जॉर्ज आणि रिझर्व्ह बँकेचे नाव असेल, तर ती त्यानंतरची. सही टेलर साहेबांची असेल तर आधीची, सी. डी. देशमुखांची असेल तर १९४३ नंतरची. देशमुख हे या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगड जिल्ह्यातले. नोटेचे वय असे सहीवरून कळते.

दुसऱ्या टप्प्याला त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीला चला. डोंगराच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासाची एक संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती १९८० साली उभारली. तिथे नाण्यांचे संग्रहालय आहे. कधी उघडे असते ते आधी विचारून घ्यावे. मांडलेली नाणी पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. वस्तू जुनी म्हणून मोलाची, असे नसते. जी पुष्कळ निघाली आणि पुष्कळ उरली, ती शंभर वर्षांची असली तरी स्वस्त. जी थोडी निघाली, तिला मोल. नोटांनाही हाच नियम लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरा. कसारा घाट उतरून गाडी मुंबईला पोचते. तिथून चालत फोर्टात सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर या. अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. २००४ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते उघडले. इथेही सुटीचा वार आधी विचारा.

सरकारी नोटांचा कायदा १८६१ चा. सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत. टपालाने पैसे पाठवताना लोक नोट मधोमध कापीत, अर्धी आधी पाठवीत आणि ती पोचल्याचे कळले की उरलेली अर्धी. पहिल्या महायुद्धात चांदी महागली म्हणून १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट आली, १९१८ साली तर अडीच रुपयांचीही. मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या नोटा निघतात, त्यांवर किंमत मराठीतही लिहिलेली असते. जुन्या माणसांना आठवेल, तो हाली शिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. हे सारे समजून घेतले, की आपली यादी नव्या डोळ्यांनी वाचता येते.

आता विक्रीचे. नोटेची किंमत तिच्या प्रकृतीवर. कोरी, बिनघडीची नोट आणि चार घड्यांची नोट यांत मोठा फरक पडतो. म्हणून नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. पुण्यामुंबईत नाणी-नोटांची प्रदर्शने भरतात. तिथे तीन-चार व्यापाऱ्यांना यादी दाखवा, भाव ऐका, त्याच दिवशी सौदा करू नका. लिलावात द्यायची तर दलाली किती ते आधी लिहून घ्या, पोचपावती घ्या.

आणि फोनवरून कुणी म्हणाले, तुमच्या नोटेचे लाखो मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा, तर फोन ठेवून द्या. आपण अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी कधी शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितले आहे. ७८६ नंबरची नोट किंवा पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट, यांच्या जाहिराती पाहून हुरळू नका. बियाण्याचे पैसे असल्या आशेवर घालवणे परवडणारे नाही.

एक कायदाही ध्यानात असू द्या. २०१६ साली बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे.

घरी परतल्यावर सगळ्यांना एकत्र बसवा. बहुतेक पुडक्यांतून मोठे धन निघत नाही. निघाले तर सर्वांसमक्ष विका आणि सारखे वाटून घ्या. न निघाले तर एक-एक नोट प्रत्येक घराला द्या. आजोबांनी घाम गाळून मिळवलेला तो रुपया नातवंडांनी पाहिलेला बरा.