खासगीचा हिशेब कोण बघत होतं?

राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई रूपानं देखण्या होत्या, अशी त्यांची ख्याती. अहिल्याबाई होळकरांचं नाव सगळीकडे व्हायला लागलं तेव्हा त्यांना राहवेना. एक दासी मुद्दाम पाठवली, म्हणाल्या, ती बाई दिसते कशी बघून ये. दासी परत आली. नाकीडोळी सुंदर नाही, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे, म्हणाली. आनंदीबाईंनी त्यातलं हवं तेवढंच उचललं. म्हणजे सुंदर नाही ना, मग झालं!

ही हकिगत जॉन माल्कम यांच्या १८२३ साली निघालेल्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात आहे. अहिल्याबाई गेल्या १७९५ साली. त्यांना पाहिलेली माणसं माळव्यात अजून हयात होती आणि माल्कम त्यांच्याकडून ऐकून लिहीत होते. खरी घटना किती आणि दरबारी गप्पा किती, हा भाग वेगळा. पण त्याच ग्रंथात बाईंचं वर्णनही आहे : मध्यम उंची, अंगानं बारीक, वर्ण सावळा, पती गेल्यापासून पांढरं वस्त्र आणि अंगावर नावापुरता दागिना. आनंदीबाईंची ती दासी मला हल्ली वारंवार आठवते. आपल्या मालिका बनवणाऱ्यांनी आनंदीबाईंचा प्रश्न उचलला आणि दासीचं उत्तर तिथंच सोडून दिलं, असं वाटतं.

४ जानेवारी २०२१ ला सोनी वाहिनीवर 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' ही हिंदी मालिका सुरू झाली आणि २०२३ पर्यंत चालली. आपल्या भागात मराठी-कन्नड दोन्ही घरांतून ती बघितली गेली. कोरोनाचा काळ, माणसं घरात अडकलेली, त्यात चौंडीच्या धनगर पाटलाची पोर सुभेदारांची सून होते ही गोष्ट. कोण नाही बघणार? लहानपणीची अहिल्या झालेली अदिती जलतारे फार गोड होती. वडीलधाऱ्यांना 'असं का?' म्हणून विचारणारी मुलगी पडद्यावर रोज दिसणं ही लहान गोष्ट नव्हे. राजेश शृंगारपुरेंचे मल्हारराव भारदस्त. पुढं मोठ्या अहिल्येच्या भूमिकेत आलेल्या एताशा संझगिरीनंही काम मनापासून केलं. हे सगळं आधी मोकळेपणानं कबूल करते, कारण पुढचं बोलणं कलावंतांबद्दल नाही.

आमच्या घरी ही मालिका सासूबाईंमुळे लागायची. आम्ही त्यांना अत्तीच म्हणतो, घर कन्नड ना. माझं माहेर मराठी, सासर कन्नड, मुलांना दोन्ही भाषांत भांडता येतं. अत्तींना हिंदी बेताचं कळतं. पण मालिका कळायला भाषा लागतेच कुठं? टी. एन. सीताराम यांच्या 'मुक्ता'सारख्या मालिका त्यांनी नेमानं बघितलेल्या, त्यामुळे पडद्यावरची बाई तोंड उघडून मुद्द्याचं बोलते की नाही याकडे त्यांचं बारीक लक्ष. एके संध्याकाळी द्वारकाबाईचं कुठलंसं कारस्थान चाललं होतं. मागे ढॅण-ढॅण संगीत, तिघींच्या चेहऱ्यांवर आळीपाळीनं कॅमेरा. अत्ती शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "लेक्क यारु नोड्तिद्रु?" हिशेब कोण बघत होतं?

एवढ्या मोठ्या घरातल्या बायका दिवसभर एकमेकींच्या मागावर, मग घर चालत कसं होतं, असा साधा व्यवहारी सवाल होता तो. मी इतिहासाची नाही, मराठीची प्राध्यापिका. पण त्या प्रश्नानं मला कपाटातली पुस्तकं काढायला लावली.

आणि गंमत बघा. हिशेब बघणारी बाई त्या घरात खरोखरच होती आणि ती म्हणजे अहिल्याबाईंची सासू. १७३४ साली पेशव्यांकडून होळकरांच्या घराला 'खासगी' मिळाली, ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावानं. खासगी म्हणजे दौलतीपासून वेगळं, घरच्या बाईच्या हक्काचं उत्पन्न. लग्नाआधीच्या वर्षी नव्हे की कुणाच्या मर्जीनं वर्षभरासाठी नव्हे, सनदेनं दिलेलं. अहिल्या सून म्हणून घरात आली ती १७३३ च्या सुमाराला, म्हणजे सासूची खासगी आणि सुनेचं शिकणं जवळजवळ एकाच वेळी सुरू झालं. १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि ती खासगी सुनेकडे आली. काशीविश्वनाथाचं देऊळ, सोमनाथचं देऊळ, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, आपल्या गोकर्णापर्यंत पोचलेलं दान, हा सगळा प्रचंड व्याप मुख्यतः त्या खासगीच्या बळावर उभा राहिला. राज्याच्या तिजोरीतला पैसा दानधर्माला नको, ही शिस्त बाईंनी पाळली असं सांगतात. पण पाळायला आधी वेगळी पेटी असावी लागते. ती पेटी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे आली होती.

मालिकेत मात्र वाट दाखवणारा एकच, सासरा. स्नेहलता वसईकरांच्या गौतमाबाई सुरुवातीला कडक, नंतर हळूहळू विरघळणाऱ्या. सुखदा खांडकेकरांची द्वारकाबाई तर नुसती जळफळणारी सवत. मल्हाररावांचं श्रेय कमी करायचं माझ्या मनात नाही. १७६५ साली त्यांनी सुनेला तोफा आणि दारूगोळ्याच्या व्यवस्थेबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्या काळात सासऱ्यानं विधवा सुनेला असं पत्र लिहावं हे विलक्षणच. पण एका बाईला मोठं दाखवायचं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या बायका लहान करायच्या, हे गणित कुणी शिकवलं? वसईकरबाईंनीच आधी 'स्वराज्यरक्षक संभाजी'त सोयराबाई केली होती. आनंदीबाई तर 'ध'चा 'मा' करण्यापुरत्याच उरल्या. प्रत्येक वाड्यात एक दुष्ट बाई नेमलीच पाहिजे, असा जणू सरकारी नियम.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझं एम.ए. लग्नानंतर झालं, धारवाडला. आमच्याकडे कार्यक्रमात ओळख करून देताना निवेदक हमखास म्हणतात, 'यजमानांनी प्रोत्साहन दिलं म्हणून ताई शिकल्या.' यजमान स्वतःच दर वेळी हसून मान हलवतात, 'मी नाही, अव्वानं.' ते खरं आहे. अत्तींच्या तीन म्हशी होत्या. डेअरीचं दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळायचं, ते स्टीलच्या डब्यात. त्याची वही कन्नड आकड्यांत, पेन्सिलनं लिहिलेली. माझी फी, बसचा पास, परीक्षेच्या दिवसांतला खोलीचा खर्च, सगळं त्या वहीत आहे. मोठ्या जावेनं तेव्हा नाक मुरडलं होतं. पण तिच्या मुलीच्या नर्सिंगची पहिली फीसुद्धा त्याच डब्यातून गेली आणि ती आता हुबळीला नोकरीत आहे. ही मालिका होऊ शकत नाही, कारण यात ढॅण-ढॅण नाही. पण निवेदकांच्या तोंडी हे कधीच का येत नाही? कारण त्यांनी पडद्यावर सासूचा डबा कधी बघितलेला नाही. सासूच्या हातात बघितलंय ते फक्त विषाचं दूध.

२०२५ हे अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. त्या मे महिन्यात मी इंदूरला मावशीकडे होते. मावशीचं इंदुरी मराठी ऐकायला मोठं मजेचं, अर्धी क्रियापदं हिंदीतून आलेली. २० मेला मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक थेट राजवाड्यात भरली, सगळं शहर सजलं होतं. इंदुरात विमानतळ त्यांच्या नावानं, विद्यापीठ त्यांच्या नावानं. इकडे नगर जिल्हाही २०२४ साली अहिल्यानगर झाला. पुतळ्यातल्या बाईंच्या हाती शिवलिंग असतं. हातात वही असलेला पुतळा काही माझ्या बघण्यात आला नाही. मावशी म्हणाली, "अगं, वहीला हार कोण घालणार?"

तिथून महेश्वरला गेलो. बाईंनी इंदूर सोडून राजधानी तिथं नर्मदाकाठी नेली होती. किल्ल्यात त्यांची गादी ठेवली आहे. साधी, पांढरी, आपल्याकडच्या जुन्या पेढीवर असते तशी. सिंहासन बघायला आलेली माझ्या पुढची एक मुलगी हिरमुसली. "बस, इतनाच?" माल्कम सांगतात, बाईंवर कुणी स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला तेव्हा त्यांनी तो ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला. मालिकेचे शेकडो भाग त्यांनी कुठं टाकले असते कोण जाणे!

पण मला खरा प्रश्न पडतो तो मुक्ताबाईचा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हा अहिल्याबाई सती निघाल्या होत्या. मल्हाररावांनी विनवून मागं वळवलं. १७६७ साली मुलगा मालेराव गेला. गंगोबा तात्यांनी दत्तक घ्या आणि बाजूला व्हा असं सुचवलं, ते त्यांनी धुडकावलं. किती वर्षांनी, १८२४ मध्ये, आपल्या कित्तूरच्या चन्नम्मांना दत्तकाच्याच प्रश्नावर इंग्रजांशी लढावं लागलं. तिथं दत्तक नाकारला म्हणून, इथं दत्तक लादला जाऊ नये म्हणून. या दोन गोष्टी एकाच वर्गात शिकवायला हव्यात, खरं तर. आणि मग १७९१ साल. जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाली. आईनं पाया पडून विनवलं, मुलगी ऐकेना. राज्य चालवणारी, खासगीचा पैन् पै हिशेब ठेवणारी ही बाई घाटावर उभी राहून ते बघत होती. नंतर तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही, असं माल्कम लिहितात.

या प्रसंगात कारस्थान नाही, सवत नाही, सासू नाही. दोघीच, आई आणि मुलगी. एकीला मागं वळवणारं कुणीतरी होतं, दुसरीला वळवायला स्वतः आई होती आणि तरी वळवता आलं नाही. असा प्रसंग लिहायला घेणाऱ्या पटकथाकाराला मी माझ्या एम.ए.च्या वर्गात बोलावीन. मुली प्रश्न विचारतील. चहा आमच्या डिपार्टमेंटचा.