लोर्नाचा आवाज आणि आमची काकी

लोर्नाचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. सबमिशनची रात्र होती. खोलीभर जर्नल्स पसरलेली. म्हापशाच्या रूममेटने झोप उडवायला म्हणून लॅपटॉपवर काहीतरी लावलं. आधी ब्रास वाजला, मग एका बाईचा आवाज आला. भरदार, थोडा खरखरीत, घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा. मला वाटलं जुनी अमेरिकन सोल गायिका असणार. नाव विचारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक शब्द कानावर आला. 'पिसो'.

पिसो! आमच्या वालावलला आजी रागावली की हाच शब्द वापरायची. पिसो म्हणजे वेडा. अमेरिकन वाटणारी ती बाई माझ्या आजीच्या भाषेत गात होती.

त्या रात्री सबमिशन राहिलं. 'पिसो' झालं, मग दारुड्यावरचं 'बेबदो' झालं, मग 'नाचूंया कुंपासार'. कुंपास म्हणजे ताल, हा पोर्तुगीजमधून कोकणीत आलेला शब्द. चला, तालावर नाचूया. मालवणी येत असेल तर लोर्नाची कोकणी निम्मी तरी कळते. उरलेली निम्मी आवाज कळवतो.

लोर्ना कोर्देरो ही गोव्याची लाडकी गायिका, पण वाढली मुंबईत. तिच्या गळ्यात हा अमेरिकन रंग कुठून आला, ही गोष्टही मुंबईचीच आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ कलाकार वाजवायला आले. स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या हॉटेलात ज्यांना समोरच्या दाराने आत घेत नसत, ते इथे स्टार होते. त्यांची गाणी कानाने आणि नोटेशनने पटापट उचलणारे वादक मुंबईत तयारच होते. ते होते गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. नोकरीच्या शोधात ही मुलं मुंबईत आली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात, असं त्यांचं आयुष्य झालं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यातली काही नावं. आपल्या आईवडिलांच्या आवडत्या हिंदी गाण्यांमागे या मंडळींचे हात आहेत. पत्रकार नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक त्याबद्दलच आहे.

याच मंडळींपैकी एक क्रिस पेरी. मूळचा मडगावचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली बांधायचा, बँड चालवायचा. चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस' नाइट क्लबमध्ये त्याचा बँड वाजायचा आणि पुढे उभी राहून लोर्ना गायची. रात्री इंग्रजी जॅझ आणि पॉप. पण क्रिसने त्याच वाद्यमेळात कोकणी शब्द बसवले आणि ते लोर्नाच्या गळ्यात दिले. 'बेबदो' १९७१ सालचं. गोव्याच्या लग्नांत, फेस्तांत, रेडिओवर ही गाणी गेली आणि आजतागायत तिथून निघालेली नाहीत.

लोर्ना मात्र त्यानंतर काही वर्षांतच गप्प झाली.

क्रिस आणि तिची जोडी फुटली. क्रिस विवाहित होता. त्या दोघांचं गाण्यापलीकडचं नातं आणि त्यातली मोडतोड यावर गोव्यात भरपूर बोललं गेलंय, त्यात मी भर घालणार नाही. पण तिथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. क्रिसने म्हणे तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं होतं, की त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर तिने गायचं नाही. बार्द्रॉय बार्रेतो यांच्या २०१४ च्या 'नाचूंया कुंपासार' या सिनेमात लॉरी आणि डोना अशी पात्रं आहेत. त्या पात्रांमागे कोण आहे ते गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही. पालोमी घोषने डोना केलीय. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

पण मला राहून राहून वेगळंच काहीतरी टोचतं. वीसहून जास्त वर्षं ती गात नव्हती आणि तिचा आवाज मात्र रोज कुठे ना कुठे वाजत होता. तिच्याशिवाय तिच्या आवाजाचं व्यवस्थित चाललं होतं.

असं दुसरीकडेही झालंय. अमेरिकेत डार्लीन लव्ह नावाची गायिका आहे. १९६२ मध्ये तिने 'ही'ज अ रेबेल' गायलं, निर्माता फिल स्पेक्टर. गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, पण रेकॉर्डवर नाव होतं 'द क्रिस्टल्स' या दुसऱ्याच ग्रुपचं. क्रिस्टल्सपैकी कोणीही त्यावर गायलं नव्हतं. पुढे काम आटलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डार्लीन लव्ह लोकांच्या घरी साफसफाई करत होती. एकदा बाथरूम घासताना रेडिओवर तिचंच ख्रिसमसचं गाणं लागलं. ते ऐकून तिने परत गायचं ठरवलं. नंतर रॉयल्टीसाठी स्पेक्टरविरुद्ध कोर्टात गेली आणि जिंकली. २०११ मध्ये तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

ही बाथरूमची गोष्ट मी ऑफिसात चहाच्या वेळी कितीतरी जणांना रंगवून सांगितलीय. ती आमच्याच घरात घडेल असं कधी वाटलं नव्हतं.

*

गेल्या चतुर्थीला मी वालावलला होते. मोदकांची गडबड. काकी विळीवर नारळ खवत होती. मी फोन स्पीकरला जोडून यूट्यूबवर फुगडीची गाणी लावली. कव्हर म्हणून जुन्या कॅसेटचा फोटो, खाली लाखांत व्ह्यूज. दुसरं गाणं सुरू झालं आणि काकीचा हात थांबला.

"ह्यो माझो आवाज," ती म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. मी काकीला गाताना कधीच ऐकलं नव्हतं. चतुर्थीत बायका जमल्या की ती फुगडी घालायची, पण गाणं दुसरीच कोणीतरी उचलायची. आम्ही मुलं धरून चाललो होतो की काकीला गाता येत नाही.

हळूहळू कळलं. माझ्या जन्माच्या आसपास कुडाळात एका खोलीत भिंतींना गोधड्या लावून ही कॅसेट केली होती. गावातल्या सहाजणी गेल्या होत्या. चार गाणी काकीने पुढून गायली. मोबदला म्हणून प्रत्येकीला एक साडी. कव्हरवर निर्मात्याचं नाव, एका ओळखीच्या गायिकेचं नाव आणि खाली 'व सहकारी'. कॅसेट खपली. जत्रेत स्टॉलवर वाजायला लागली. लक्ष्मीनारायणाच्या देवळाकडे तळ्याच्या बाजूने जाताना कोणीतरी आजोबांना म्हणालं, तुमची सून जत्रेत वाजतेय. आजोबा घरी आले आणि एवढंच म्हणाले, "घरातलो आवाज बाजारात कित्याक?"

आमच्याकडे दशावतार म्हणजे जीव की प्राण. पुरुष साडी नेसून राणी होतात, रात्रभर गातात आणि बघणारे डोळे पुसतात. आजोबा त्यांचे मोठे भक्त. पुरुषाने बाई होऊन हजार माणसांपुढे गायलेलं त्यांना चालत होतं.

काकीने वाद घातला नाही. गाणं बंद केलं. लोर्नाच्या बाबतीत निदान कागदाची गोष्ट तरी सांगतात. काकीचा करार एका वाक्याचा होता आणि त्यावर तिची सहीसुद्धा नव्हती.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. रात्री माळ्यावर जिथे रेंज येते तिथे बसून मी कायदा वाचला. कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून सादर करणाऱ्या कलाकारालाही हक्क आहेत आणि आज त्यांची मुदत ५० वर्षं आहे. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३८ बी आलं. आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, हा कलाकाराचा स्वतंत्र हक्क त्यात आहे. मी स्वतः दिवसभर जो कोड लिहिते तो पहिल्या ओळीपासून कंपनीचा, असं माझ्या ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं आहे आणि मी त्यावर न वाचता सही केली होती. तरी कोडमध्ये कुठली ओळ कोणी लिहिली याची नोंद राहते. काकीच्या चार गाण्यांची तेवढीही नोंद नव्हती. मी यूट्यूबचा तक्रारीचा फॉर्म उघडला आणि झरझर भरत गेले. गायिकेचं नाव, गाव, गाण्यांच्या वेळा.

सकाळी उत्साहाने तिला दाखवला. तिने पुसलेल्या हातात फोन धरला आणि आपलं नाव वाचलं.

"नाव घालून काय होतला?"

"लोकांना कळेल ना, तू गायलीस ते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेव्हा 'थांबतलंस काय' म्हणान माका कोणी इचारल्यान नाय. आनी आता तूय इचारलंस नाय. सगळा लिवन मोकळी झालंस."

मला उत्तर सुचलं नाही. तिच्यासमोरच फॉर्म बंद केला.

*

लोर्नाच्या कहाणीचा शेवट मी आधी नेहमी एका दमात सांगून टाकायचे. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला परत गायला लावलं, झालं. 'गायला लावलं'. आता ते वाक्य माझ्या तोंडून नीट निघत नाही. रॉनी तिच्याकडे गेला आणि त्याने तिला विचारलं. हो म्हणाली ती, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एवढ्या वर्षांनी गळा साथ देईल का याची खात्री नसताना. नाही म्हणायचीही तिला मोकळीक होती. तेव्हा आलेल्या अल्बमचं नाव 'आयकात म्होजो तावो'. ऐका माझा आवाज. जुन्या रेकॉर्डवर तो लोक ऐकतच होते. पण आता ऐका, असं ती स्वतः म्हणत होती. गोव्यात लोक तिला ऐकायला लोटले. क्रिस पेरी २००२ मध्ये गेला. लोर्ना त्यानंतरही गात राहिली.

त्या दुपारी काकीला मी हे सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती.

"किती वर्सां गावक नाय ती?"

"वीसच्या वर."

"मगे आवाज तसोच ऱ्हवलो?"

"तसाच नाही. थोडा जड झालाय."

"होतलोच," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

संध्याकाळी शेजारच्या बायका फुगडीला जमल्या. स्पीकर मी मुद्दाम आत ठेवला होता. खळ्यात जाण्याआधी काकीला बाजूला घेतलं आणि विचारलं, "काकी, गातलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. पदर खोचला.

"आज नाय," ती म्हणाली.

फुगड्या झाल्या, आरती झाली, सगळ्याजणी गेल्या. रात्री भांडी आवरून झाल्यावर ती माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"त्या बायचा गाणा लाव बघू," म्हणाली. "ता पिश्याचा."